योगराज सरांच्या दारावर

गुजराती मुलखात येऊन राहिलेल्या आमच्या 'खान्देश स्नेह मंडळ, गोडादरा' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो एकाच कारणासाठी येतो. तरुणाचा आला तर वाढदिवस, जोडीचा आला तर साखरपुडा, आणि म्हाताऱ्याचा आला की लोक वर-खाली काही न बघता 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून मोकळे होतात. पद्धत चांगली आहे, वेळ वाचतो. मागे चिंधा वाणी यांनी आपल्या पंचाहत्तरीच्या सत्काराचा फोटो टाकला, तेव्हा त्यांनाही लोकांनी वाहिली. चिंधा वाण्यांनी खाली हात जोडून सर्वांचे आभार मानले. त्यांनीही वाचलं नव्हतं.

या ग्रुपवर दर रविवारी सकाळी, अंघोळ-पूजा आटोपून, योगराज सर वाचायला लेख पाठवत. योगराज सर म्हणजे मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. शाळेतली मुलं हळूहळू गुजराती माध्यमात गेली, सर त्याआधी निवृत्त झाले, एवढंच त्यांचं नशीब. मंडळाची एक खोली होती, तिथे सरांनी वाचनालय चालवलं होतं. कापडाच्या लूमवरून सुटलेली माणसं तिथे येऊन पेपर चाळायची, पंख्याखाली डुलक्या घ्यायची. पुढे ती खोली साड्यांवर टिकल्या चिकटवून देणाऱ्या एका शेठला भाड्याने गेली, कारण टिकल्यांना गिऱ्हाईक आहे. पुस्तकं पोत्यांत भरून सरांच्या माळ्यावर चढली. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष चेतन, जो सरांचाच विद्यार्थी, सरांना म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका. आता वाचायचं सगळं मोबाईलवरच असतं."

हे वाक्य लोक बोलायचं म्हणून बोलतात. सरांनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून रविवार सुटला नाही. ऑक्टोपस झोपेत रंग बदलतो, त्याअर्थी त्याला स्वप्नं पडत असावीत, असा एक लेख. न्यायाधीशाच्या खुर्चीत यंत्र बसवावं का, यावर दुसरा. लोणचं कुठून कुठे प्रवास करत गेलं. शहरातले फुटपाथ कुणी खाल्ले. निवडणुकीत खोटं बोलणाऱ्याला लोक का निवडून देतात. प्रत्येक लेखावर सरांच्या दोन ओळी असत: "लांब आहे, पण शेवट चुकवू नका," किंवा "मला पटलं नाही, तुम्हाला पटतं का कळवा." त्याखाली कुणीतरी विचारलेलं असे, "परवत पाटियाजवळ वन बीएचके भाड्याने आहे का, व्हेज फॅमिली." त्याला मात्र उत्तरं येत.

मी वाचत असे. मला दुसरा उद्योग नव्हता. आयुष्यभर एका साप्ताहिकात लोकांची टिंगल करणारं सदर लिहिलं. साप्ताहिक बंद पडलं आणि लोक मात्र होते तसेच राहिले. त्यामुळे रविवारी दुपारी मी सरांकडे जायचो, आम्ही ऑक्टोपसवर बोलायचो, उषावहिनी शेव-मुरमुरे द्यायच्या आणि म्हणायच्या, "आबा, तुमी दोन्ही मिळून त्या ऑक्टोपसले स्थळ बघा आता."

तर मंडळाची बैठक झाली. चेतन म्हणाला, "सर, खोटं नका मानू, पण ग्रुप गरम होतोय. लोकांचं स्टोरेज भरतं. परवा आपल्या दगा बापूंच्या मयतीचा मेसेज तुमच्या यंत्राच्या न्यायाधीशाखाली गेला. लोक घाटावर पोचले तेव्हा बापू आटोपले होते."

बापू सरांचे शेजारी होते आणि सर स्वतःच उशिरा पोचले होते.

"म्हणून ठरवलंय," चेतन म्हणाला, "एक तारखेपासून ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन टाकणार. मयत, लग्न आणि जाहीर सूचना." यातल्या जाहीर सूचना म्हणजे चेतनचे स्वतःचे फोटो हे सगळ्यांना माहीत होतं. महापालिकेची निवडणूक जवळ येत होती.

"अरे, पण वाचतात लोक," सर म्हणाले.

"कोण वाचतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"आबा नाही धरायचे," चेतन म्हणाला. "आबा रिकामे आहेत."

बैठकीत कुणी हसलं नाही, म्हणजे ते खरं मानलं गेलं. सर मात्र हट्टाला पेटले. म्हणाले, "एक रविवार दे. पाच जणांनी वाचलं, आणि वाचून माझ्याशी चार वाक्यं बोलले, तर माझा रविवार मला ठेवायचा. कायमचा."

चेतन मनाने वाईट नाही. शिवाय पाच जण कुठून येणार हे त्याला कळत होतं. "चालसे सर," तो म्हणाला. "पाच जण."

सरांनी त्या रविवारसाठी लेख निवडायला बराच वेळ घेतला. शेवटी जो निवडला तो इंग्रजीतला होता, म्हणून त्यांनी बसून तो अख्खा मराठीत उतरवला आणि कुठेतरी फुकट मिळतं तसं इंटरनेटवर पान करून त्यावर चढवला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातले एक म्हातारे प्रोफेसर. त्यांनी जन्मभर बसथांब्यांवर, दुकानांत, लग्नांत, दवाखान्यांत बसून लोक एकमेकांशी काय बोलतात ते टिपलं. त्यांचं म्हणणं एवढंच की लोक पूर्वीपेक्षा जास्त बोलतात, पण एकमेकांना प्रश्न विचारायचे थांबलेत. सगळ्यांकडे उत्तर तयार आहे, विचारलेलं मात्र कुणी काहीच नाही. भांडणाने समाज मोडत नाही, प्रोफेसर म्हणतात, भांडायलाही आधी 'काय म्हणालास?' असं विचारावं लागतं. ज्या दिवशी कुणी कुणाला काहीच विचारणार नाही, त्या दिवशी सगळं अगदी शांतपणे संपलेलं असेल.

"आबा, हा लेख वाचून माणूस गप्प बसूच शकत नाही," सर मला म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. त्या वयाच्या माणसाचे डोळे असे चमकले की मला डॉक्टर आठवतो.

रविवारी सकाळी सरांनी लेख टाकला. लेखाबरोबर प्रोफेसरांचा फोटो आपोआप आला: काळा-पांढरा, लांब दाढी, नजर जरा वर. त्यावर सरांनी लिहिलं होतं, "आज एकच. मन सुन्न झालं आहे. सर्वांनी कृपया वेळ काढावा. संध्याकाळी मी घरीच आहे. कुणी बोलायला आलं तर बरं वाटेल."

मग त्यांनी फोन उषावहिनींच्या हवाली केला. हा वहिनींचा कायदा होता. लेख टाकल्यावर सर दिवसभर कुणी पाहिलं, कुणी नाही हे बघत बसायचे आणि त्यांचं बीपी वाढायचं. म्हणून रविवारी फोन अंधार पडेपर्यंत गव्हाच्या कोठीत, गव्हात खोल. वाजला तर गहू थरथरत.

मी त्या दिवशी बारडोलीला भाचीकडे गेलो होतो. परतताना बसमध्ये फोन उघडला. पहिली श्रद्धांजली चिंधा वाण्यांची. मग एक 'ॐ शांती'. मग धाड पडली. लूमवाले, कापड रंगवणारे रंगाटीवाले, पांडेसऱ्यापासून उधन्यापर्यंतचे सगळे. कुणी लिहिलं होतं, "आमचा आधारवड हरपला." कुणी, "त्यांचे संस्कार सदैव सोबत राहतील." कॅनडात गेलेल्या एकाने तिकडून लिहिलं होतं, "लहानपणी त्यांच्या मांडीवर खेळलो." मी सरांना फोन लावत राहिलो. तो गव्हात वाजत राहिला.

गोडादऱ्यात उतरलो तर चार रस्त्यावर बॅनर लागलेला. चेतन कामाचा माणूस आहे. प्रोफेसरांचा फोटो मधोमध, भोवती झेंडूच्या हाराची चौकट, आणि कपाळावर गंध. ते चेतनने दुकानात कॉम्प्युटरवर लावून घेतलं होतं. नाव कुणालाच माहीत नसल्यामुळे 'आदरणीय बाबा' असं छापलं होतं. खाली 'शोकाकुल : समस्त खान्देशी समाज', आणि त्याच्या बाजूला हात जोडलेला चेतन, बाबांपेक्षा थोडा मोठा.

सरांच्या दारासमोर चपलांचा ढीग होता. आमच्यात कुणी गेलं की त्या घराच्या दारावर जाऊन बसतात. बोलायचं फारसं नसतं. चहा घ्यायचा नाही, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही, कारण अशा कामासाठी पुन्हा यायला लागू नये. मुख्य म्हणजे काही विचारायचं नाही. घरचा माणूस जे बोलेल ते मान खाली घालून ऐकायचं.

आत सर खुर्चीत बसले होते आणि बोलत होते. ओटीवर, जिन्यात, थेट संडासाच्या दारापर्यंत माणसं बसली होती. वाचनालयात पंख्याखालीसुद्धा एवढी कधी जमली नव्हती. सर म्हणत होते, "...आणि शेवटी तर ते म्हणतात की आता आपल्याला विचारणारं कुणी उरलं नाही. माझ्या काळजात चर्र झालं हो."

सगळ्यांनी माना हलवल्या. एकाने उपरण्याने डोळे टिपले.

मला पाहताच सर उठून आले, माझा दंड धरून बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, पाचाचं काय घेऊन बसलात! बघा! दुपारपासून रीघ लागलीय. कुणी चहाला हात लावत नाही. एवढे गढून गेलेत. आणि गप्प आहेत हे चांगलं लक्षण आहे. पचायला वेळ लागतो."

मी तोंड उघडलं. पण सर वळून परत खुर्चीकडे गेले होते.

जिन्यात कुजबुज चालू होती.

"सासरे असतील."

"सासरे तर कधीच गेले. मी होतो ना."

"मग गुरू. दाढी बघा की."

"विचार ना."

"तू विचार."

कुणी विचारलं नाही.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. तिथे दृश्य निराळं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या सुमनबाई उषावहिनींच्या गळ्यात पडून हुंदके देत होत्या, आणि वहिनीही मोकळ्या गळ्याने रडत होत्या. ओट्यावर पिठलं-भाकरीचे डबे रांगेने मांडलेले. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी घास आणतात, तसे ते आले होते. सुमनबाई डोळे पुसत बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, "वहिनी, का रडताय?"

"अहो, सुमनबाईकडे कोनतरी गयं वाटतं. येताच गळ्यात पडली बिचारी."

"कोण गेलं?"

"असं विचारतात का आबा?" वहिनी माझ्यावर खेकसल्या. "दुपारपास्नं पाच-सहा बाया अशाच येऊन रडून गेल्या. सगळ्यांच्याच घरी काय झालंय देव जाणे. साथबिथ आली का?"

"आणि हे डबे?"

वहिनींनी डब्यांकडे पाहिलं. "आजचा लेख चांगला असेल," त्या म्हणाल्या. पण त्यांना पटलं नसावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दाराआडून आपल्याच नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. तो जिवंत आहे ना, हे त्या बघत असाव्यात.

मी काय करायला हवं होतं? एका माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एवढा श्रोतृवर्ग मिळाला होता. तो त्यांना प्रोफेसरांचं एक एक वाक्य सांगत होता, आणि लोक इतक्या आदराने ऐकत होते की तेवढ्या आदराने आमच्याकडे फक्त मेलेल्यांबद्दलच ऐकतात. मी एका कोपऱ्यात बसलो. मीही मान खाली घातली.

अंधार पडायच्या सुमाराला चेतन आला, पांढराशुभ्र कुर्ता घालून, मागे दोघे-तिघे. लोकांनी सरकून जागा दिली. तो सरांसमोर मांडी घालून बसला आणि सरांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, एक विचारू?"

सरांचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. दुपारपासून एवढी माणसं आली, आणि पहिला प्रश्न त्यांच्या लेखांना नको म्हणणाऱ्या माणसाकडून आला होता.

"विचार, चेतन," सर म्हणाले. "विचारायलाच तर हवं. त्यासाठीच तर हे सगळं."

"दहावा कधी धरलाय?"

सर चेतनकडे पाहत राहिले.

"कसला?"

"दहावा. तापीच्या घाटावर करायचा ना? म्हणजे मंडप, पाण्याचे जार, ब्राह्मण, सगळं मी बघतो. तुम्ही फक्त तारीख सांगा. बॅनर तर लावलाच आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या ओट्यावरच्या डब्यांकडे, मग ओटीवरच्या, जिन्यातल्या, दारातल्या एकेका खाली घातलेल्या मानेकडे. शाळेत पेपर तपासताना ते असेच बघत असतील. वर्गात एकालाही उत्तर आलेलं नाही हे शेवटच्या पेपरपर्यंत मनाला पटू द्यायचं नाही, तसे.

"चेतन," ते अगदी हळू म्हणाले, "तू ते उघडलंस का रे?"

"काय सर?"

"काही नाही."

"सर, मन घट्ट करा. कोण होते ते आम्हाला माहीत नाही असं समजू नका. सगळ्या समाजाचे होते ते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दहावा नको," ते म्हणाले. "त्यांच्याकडे दहावा करत नाहीत."

"त्यांच्याकडे म्हणजे? नंदुरबारकडचे का?"

"त्याच्याही पलीकडचे."

चेतनने समजूतदारपणे मान हलवली. शहादा-तळोद्याकडे काही रीती वेगळ्या आहेत हे त्याने ऐकलं असावं. थोड्या वेळाने तो उठला, मग सगळेच उठले. 'येतो' कुणी म्हणालं नाही. ढिगातून आपापल्या चपला शोधायला मात्र लोकांना बराच वेळ लागला, आणि तेवढ्यापुरता गल्लीत आवाज होता.

वहिनींनी फोन गव्हातून काढला, फुंकर मारून सरांच्या हातात दिला. सर वाचत बसले. अगदी खालपर्यंत वाचलं, एकही श्रद्धांजली सोडली नाही. त्या सगळ्या वाचणारा माणूस त्या ग्रुपवर तोच एक निघाला.

"आबा, हे मांडीवर कोण खेळलं हो?" त्यांनी विचारलं.

"कॅनडावाला."

"हुशार मुलगा होता," सर म्हणाले. "पाठांतर चांगलं होतं."

पिठलं-भाकरी आम्ही तिघांनी खाल्ली. टाकायची कशी?

पाच जणांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. चेतनने सरांना दुःखात त्रास नको म्हणून तो काढला नाही, आणि सरांनी का काढला नाही हे मी विचारलं नाही. एक तारखेला ग्रुप बंद झाला. आता त्यावर मयत, लग्न आणि चेतन असतात. सर रविवारी अंघोळ-पूजा आटोपून ओटीवर बसतात. मी जातो. शेव-मुरमुरे येतात. ऑक्टोपसचा विषय निघत नाही. मी एकदा म्हणालो, आपण दुसरा ग्रुप काढू, दोघांचा. सर म्हणाले, "दोघांच्या ग्रुपला काय म्हणतात आबा? शेजार."

पावसाळा उलटल्यावर एका सकाळी मी गेलो तर सर फोन हातात धरून बसले होते. त्यावर तोच फोटो, तीच दाढी. या वेळी खाली खरोखरच दोन सालं लिहिली होती, जन्माचं आणि आताचं.

"गेले," सर म्हणाले.

माझ्या तोंडात आलेलं वाक्य आमच्या ग्रुपने आधीच झिजवून टाकलं होतं.

"चला," सर उठले. "जाऊन येऊ."

आम्ही चार रस्त्यावर गेलो. बॅनर खांबावर नव्हता. उसाच्या रसाच्या गाडीवाल्याने उतरवून छप्पर केलं होतं. बाबा आडवे झाले होते, चेतन कडेला घडीत गेला होता, गंध उन्हाने विटलेलं. सर गाडीजवळ उभे राहिले आणि वर बघून त्यांनी हात जोडले. गाडीवाला भय्या म्हणाला, "दो गिलास? बरफ डालके?"

सरांनी मान हलवली. आम्ही प्रोफेसरांच्या सावलीत उभं राहून रस प्यायलो.

घरी आलो तर वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी सरांचा चेहरा पाहिला, मग टेबलावर राहिलेल्या फोनवरचा तो फोटो पाहिला. चार रस्त्यावरच्या बॅनरवरचा तो चेहरा त्यांनी ओळखला. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर डब्यांची रांग लावणारा हाच तो म्हातारा, हे त्यांना आता कळलं असावं. सरांना बसायला खुर्ची पुढे करत त्या म्हणाल्या, "अहो, कोण होते हो ते? काय करायचे?"

मी सरांकडे पाहिलं. प्रश्न होता. अगदी साधा, उत्तर ऐकायला थांबलेला.

सरांनी फोन उचलला, पदराने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि वहिनींच्या हातात दिला.

"होते एक ओळखीचे," ते म्हणाले. "जा, गव्हात ठेव."